दुमडलेलं पान आणि पेन्सिलीची खूण: 'केट' एडिटर दोन वर्षं वापरून

माझ्याकडे अहिराणी शब्दांच्या 46 फाईली आहेत. शब्द, आखाजीची गाणी, कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, असं मी गेली बरीच वर्षं गोळा करते आहे. साक्री तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते तोवर वह्यांत लिहीत होते. निवृत्त होऊन धुळ्याला देवपुरात राहायला आले तेव्हापासून लॅपटॉपवर, साध्या मजकुराच्या फाईलींत. एका ओळीत एक शब्द, मग उभी रेघ, अर्थ, उभी रेघ, गाव, उभी रेघ, कोणी सांगितला आणि कधी. वर्डसारखं काही नको, कारण रंग, ठळक अक्षर यांची मला गरजच नाही. गरज आहे ती शब्द उद्या कुठल्याही यंत्रावर उघडण्याची.

हे सगळं मी आता 'केट' नावाच्या एडिटरमध्ये, म्हणजे साधा मजकूर लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करते. केट म्हणजे 'केडीई अ‍ॅडव्हान्स्ड टेक्स्ट एडिटर' याचं लघुरूप; केडीई हा तो बनवणाऱ्यांचा समूह. 2000 सालापासून चालत आलेला, पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोताचा. मूळचा लिनक्सचा, पण विंडोजवर आणि मॅकवरही चालतो. माझ्या विंडोज लॅपटॉपवर तो मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून पैसे न देता उतरवता आला. मी त्याच्याकडे का आले, हे सांगितल्याशिवाय या परीक्षणाला अर्थ नाही, म्हणून आधी ते सांगते.

आधी मी दुसरा एक एडिटर वापरत होते. शब्द लिहिताना शंका आली की त्या ओळीवर बुकमार्क टाकायचे. कडेला छोटी निळी खूण उमटायची. शंका कसली? उदाहरण देते. कासारे गावातली एक आजी 'धल्ला' म्हणजे म्हातारा म्हणाली. त्याच गल्लीतली दुसरी आपल्या नवऱ्यालाच धल्ला म्हणत होती. दोन्ही खरं असू शकतं, पण पुन्हा जाऊन विचारायला हवं. अशा 412 ओळींवर मी निळी खूण केली होती. चार महिन्यांचं काम होतं ते. रोज सकाळी एडिटर उघडला की खुणा जागच्या जागी दिसायच्या, त्यामुळे त्या फाईलीतच आहेत असंच मी धरून चालले होते.

लॅपटॉप बदलला. सगळा फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन नव्यात टाकला. शब्द एक न एक आला. खुणा एकही आली नाही. जुना लॅपटॉप तोवर पुसून दुकानात दिलेला होता.

मी जळगावला भाच्याला फोन केला. तो संगणकाचं शिकलेला आहे. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, त्या खुना फाईलमा नहीत. तुना कंप्युटरमा व्हत्यात. त्या गयात." मला रडू आलं. कारण ज्यांना मी पुन्हा विचारणार होते त्यांतल्या तीन बायका त्या चार महिन्यांतच गेल्या होत्या. कोणत्या शब्दांबद्दल त्यांनी "आमनाकडे आसं नही म्हनतस" असं सांगितलं होतं, ते त्या निळ्या खुणांनाच ठाऊक होतं.

त्या एडिटरला मी दोष देत नाही, त्याचं नावही घेत नाही. खुणा फाईलीपासून वेगळ्या ठेवल्या हे त्याने बरोबरच केलं. चूक अशी झाली की माझी शंका, जी माझ्या कामाचा गाभा होती, ती मी पडद्याच्या सजावटीत ठेवली.

माझ्या जुन्या वह्यांत दोन गोष्टी असायच्या. रात्री झोप आली की पान दुमडून ठेवायचं, उद्या कुठून सुरू करायचं ते कळावं म्हणून. आणि शब्दाबद्दल खात्री नसली की समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. वही कुणाला देताना दुमडलेलं पान सरळ करून दिलं तर काहीही बिघडत नाही. प्रश्नचिन्ह खोडून दिलं तर माझं काम खोडलं. कागदावर दोन्ही एकत्र राहतात, म्हणून हा फरक कधी मनात येत नाही. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला इथे धुळ्यातच वारले. त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेले कागद आजही इथल्या राजवाडे संशोधन मंडळात आहेत. कागदाला एक सोय असते. समास त्याला चिकटलेला असतो. कागद धुळ्याला आला की समासातली खूणही धुळ्याला येते. फाईलीचं तसं नाही. फाईलीचा समास एडिटर आपल्याजवळ ठेवतो.

तर केट हा समास कुठे ठेवतो, एवढं एकच मी पहिल्या आठवड्यात तपासलं. बाकी रंगीत गोष्टी नंतर.

भाच्याने फोल्डरवर गिट बसवून दिलं होतं. गिट म्हणजे फाईलींतला प्रत्येक बदल लिहून ठेवणारी नोंदवही. मी केटमध्ये सहा फाईली उघडल्या, खिडकी मधोमध दुभागली, डावीकडे 'क'ची फाईल आणि उजवीकडे 'ख'ची, अक्षर मोठं केलं, चार ठिकाणी बुकमार्क टाकले, एका फाईलीत थेट दोन हजाराव्या ओळीवर जाऊन बसले, आणि काहीही न लिहिता केट बंद केलं. मग गिटला विचारलं, काय बदललं? उत्तर आलं, काहीच नाही. फाईलींच्या तारखाही जुन्याच होत्या. केट पुन्हा उघडलं तर खिडकी तशीच दुभागलेली, कर्सर दोन हजाराव्या ओळीवर, बुकमार्क चारही जागेवर.

मग हे सगळं त्याने कुठे लिहून ठेवलं? 'सेशन'मध्ये, म्हणजे पडद्यावर काय काय कसं मांडलेलं होतं याच्या नोंदीत. केटमध्ये सेशनला नाव देता येतं. माझी दोन आहेत, 'शब्द' आणि 'गाणी'. विंडोजवर ती वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात 'केट' आणि त्याच्या आत 'सेशन्स' अशा ठिकाणी असतात, लिनक्सवर होम फोल्डरातल्या लपलेल्या जागी. प्रत्येक सेशनची एक फाईल, आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही की तीही साधा मजकूर आहे. केटमध्येच ती उघडून वाचता येते. मी वाचली. कोणती फाईल उघडी होती तिचा पत्ता, कर्सरची ओळ, कर्सरचा रकाना, कोणता भाग मिटून ठेवला होता, बुकमार्क कुठे होते, सगळं ओळीने लिहिलेलं. बुकमार्क पाहताना मात्र मी थांबले. तिथे फक्त ओळींचे आकडे होते. शब्द नव्हता.

म्हणजे भाच्याने जळगावहून त्याच फाईलीत वरच्या बाजूला तीन शब्द घातले, की माझी खूण तीन ओळी वर राहणार, दुसऱ्याच कुठल्या तरी शब्दावर. सेशनबाहेरही बुकमार्क टिकवायचे असतील तर केटमध्ये एक वेगळा पर्याय आहे, आणि केटच्या माहितीपुस्तिकेत त्याबद्दल स्वच्छ लिहिलं आहे: फाईल मधल्या काळात बदललेली नसेल तरच ते परत आणले जातात. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटला. चुकीच्या ओळीवर खूण दाखवण्यापेक्षा न दाखवणं बरं. आणि बुकमार्क म्हणजे दुमडलेलं पानच आहे, पेन्सिलीची खूण नाही, हे त्याच एका वाक्यातून मला नीट समजलं.

त्या दिवशी मी ओळीचा साचाच बदलला. आता प्रत्येक शब्दाच्या ओळीत शेवटी आणखी एक रकाना आहे: 'शंका', आणि पुढे काय ते दोन-चार शब्दांत. 'शंका: म्हातारा की नवरा, कासाऱ्याला विचारणे.' हा मजकूर आहे, तो फाईलीत आहे, पेनड्राइव्हवर जातो, गिटमध्ये जातो, भाच्याला दिसतो. केटमध्ये सगळ्या फाईलींत एकदम शोध घेण्याची सोय आहे. 'शंका:' लिहून शोधलं की 46 फाईलींतल्या सगळ्या शंका खाली यादीने येतात, ओळीवर टिचकी मारली की थेट तिथे. निळ्या खुणांपेक्षा हे कितीतरी उपयोगाचं आहे, कारण खुणेजवळ कारणही लिहिलेलं असतं. आधीच्या 412 खुणांपैकी वह्या चाळून, फोनवर विचारून, साधारण 300 शंका मी पुन्हा उभ्या केल्या आहेत.

दोघांनी एकाच फोल्डरवर काम करण्यात या वेगळेपणाचा खरा फायदा दिसतो. माझ्या डोळ्यांना मोठं अक्षर लागतं, पांढरी पाटी लागते, आणि लांब ओळ पडद्याच्या कडेला मोडून खाली आलेली लागते. भाच्याकडे लिनक्स आहे, काळी पाटी, बारीक अक्षर, आणि ओळ मोडलेली त्याला चालत नाही. त्याचं माझ्याकडे आणि माझं त्याच्याकडे काहीही येत नाही. गिटमध्ये पाहिलं तर फक्त शब्द दिसतात: त्याने 'आंडेर'चा अर्थ सुधारला, मी 'बठा'खाली एक वाक्य वाढवलं. पूर्वी तेल आणायला बरणी घेऊन गेलं की दुकानदार आधी रिकाम्या बरणीचा धडा करायचा आणि मग तेल ओतायचा, म्हणजे तोलात फक्त तेलच यायचं. केट तसा धडा करून देतो. फाईलीच्या तोलात फक्त मजकूर येतो.

याची किंमत कळायची असेल तर ऑफिसची कागदपत्रं उघडून पाहावीत. लिब्रेऑफिसची ओडीटी फाईल ही खरं तर आवळलेली पिशवी असते, झिप. तिचं नाव बदलून ती सोडली तर आत मजकुराची एक फाईल, मांडणीची एक आणि 'सेटिंग्ज' नावाची एक निघते. या शेवटच्या फाईलीत पडदा किती झूम केला होता, कुठवर सरकवला होता, छपाईयंत्राची मांडणी काय होती, हे सगळं असतं. आत वेगवेगळ्या फाईलींत ठेवलं हे चांगलंच आहे, पण पिशवी एकच, त्यामुळे ते सगळं मजकुराबरोबर दुसऱ्याच्या घरी जातं. पुस्तकाच्या छपाईसाठी ते ठीक आहे. माझ्यासारख्या शब्दांच्या कोठारासाठी नाही.

काही गोष्टी मात्र दोघांनी सारख्याच पाळायच्या असतात. फाईल यूटीएफ-8 मध्येच, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या त्या एकाच पद्धतीत हवी, ओळीच्या शेवटी उरलेल्या मोकळ्या जागा नकोत. या माझ्या आवडी नाहीत, कामाचे नियम आहेत. त्यासाठी केट त्या फोल्डरात ठेवलेली एक छोटी नियमांची फाईल वाचतो. स्वतःची 'केटकॉन्फिग' वाचतो, आणि बऱ्याच एडिटरांना समजणारी 'एडिटरकॉन्फिग'ही वाचतो. आम्ही दुसरी ठेवली आहे, उद्या कुणी तिसरा वेगळा एडिटर घेऊन आला तरी चालावं म्हणून. केटला फाईलीच्या सुरुवातीच्या किंवा शेवटच्या दहा ओळींत 'केट:' असं लिहून सूचना देण्याचीही सोय आहे. ती मी वापरत नाही. शब्दकोशाच्या फाईलीत आंडोर आणि आंडेर यांच्या शेजारी एडिटरसाठीची ओळ मला नको.

न साठवलेल्या मजकुराचं काय, हा प्रश्न इथे सर्वांत नाजूक आहे. उन्हाळ्यात देवपुरात वीज जाते, आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी आता पाच मिनिटंही धरत नाही. केट लिहिता लिहिता फाईलीशेजारी एक लपलेली फाईल ठेवतो. तिच्यात पूर्ण मजकूर नसतो, शेवटचं साठवल्यानंतर जे बदललं तेवढंच. दर 15 सेकंदांनी ते डिस्कवर पक्कं होतं. वीज आल्यावर तीच मूळ फाईल उघडली की वर पट्टी येते: बदल पाहा, परत आणा, की टाकून द्या. मी दोनदा परत आणले आहेत, दोन्ही वेळा शेवटचं वाक्य सोडून सगळं आलं. ही लपलेली फाईल दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याचाही पर्याय आहे. मी ती शेजारीच ठेवते आणि गिटला तिच्याकडे दुर्लक्ष करायला सांगितलं आहे. कारण त्या घटकेला ती माझा मजकूरच असते, पण साठवून झाल्यावर तिचं काम संपतं.

याच्यापुढे जाऊन, अजिबात न साठवलेल्या नव्या फाईलीही केट बंद करताना सांभाळून ठेवण्याचा पर्याय सेशनच्या सेटिंगमध्ये आहे. सोय म्हणून छान. पण मी तो बंद ठेवला आहे आणि माझ्यासारखं काम करणाऱ्यांनी विचार करूनच चालू करावा. कारण मग नवा लिहिलेला शब्द केटच्या स्वतःच्या कोपऱ्यात राहतो, माझ्या फोल्डरात येत नाही, भाच्याकडे जात नाही. निळ्या खुणांच्या बाबतीत जे झालं तेच शब्दांच्या बाबतीत व्हायचं. नवी फाईल उघडली की पहिलं काम तिला नाव देऊन जागेवर ठेवणं, ही सवय मी लावून घेतली.

देवनागरीबद्दल दोन शब्द. केट जोडाक्षरं नीट मांडतो, अहिराणीतलं 'ऱ्हायना' स्वच्छ दिसतं. मी मुक्ता फाँट वापरते. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसल्याने उभ्या रेघा एकाखाली एक येत नाहीत, रकाने वेडेवाकडे दिसतात. हे कुठल्याही एडिटरात होईल, त्याची तयारी ठेवावी. पण 'ऱ्हायना'ने मला आणखी एक गोष्ट शिकवली. शोध घेतला तर निम्म्या नोंदी सापडेनात, आणि डोळ्यांना तर सगळ्या सारख्याच दिसत होत्या. कारण हा 'ऱ्ह' दोन प्रकारे लिहिता येतो. एक, 'ऱ' हे वेगळं अक्षर, त्याला हलन्त आणि मग ह. दुसरा, साधा र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग ह. पहिल्यात तीन चिन्हं, दुसऱ्यात चार, यूटीएफ-8 मध्ये नऊ बाइट आणि बारा बाइट. माझा कीबोर्ड एक लिहीत होता, भाच्याचा दुसरा. ते न दिसणारं चिन्ह मात्र फाईलीत आहे, आणि जळगावला गेलं तरी सोबत जातं. डोळ्यांपुढे ठळक दिसणारी निळी खूण फाईलीसोबत गेली नव्हती, आणि जे दिसतही नाही ते मात्र सोबत गेलं. आम्ही सगळीकडे पहिला प्रकार करून घेतला, केटमधल्या शोधून बदलण्याच्या सोयीने एका संध्याकाळी ते झालं.

अडचणी सांगायच्या तर, केटचे मेनू भरगच्च आहेत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठीच्या कितीतरी गोष्टी त्यात आहेत ज्यांना मी कधी हात लावला नाही. सेशन म्हणजे काय हे समजायला मला आठवडा लागला, आणि कुणी समजावून सांगणारं नसेल तर माझ्या वयाच्या माणसाला जास्तही लागेल. सुरुवात करताना एवढं करा: सेशनला नाव द्या, आणि केट उघडताना शेवटचं सेशन आपोआप उघडावं असं सेटिंग ठेवा. मग रोज सकाळी पडदा कालच्यासारखा मिळतो. कधी सेशन बिघडलं किंवा नको झालं तर बिनधास्त पुसून टाका. मी मुद्दाम एकदा पुसून पाहिलं. खिडकीची मांडणी गेली, बुकमार्क गेले, ती दोन मिनिटांत पुन्हा लावली. एकही शब्द हलला नाही, एकही शंका हलली नाही.

ज्यांना बोलीचे शब्द, गाणी, गावाची कागदपत्रं, वंशावळी असं काही वर्षानुवर्षं टिकवायचं आहे त्यांनी केट जरूर घ्यावा. नुसतं एखादं पत्र लिहायचं असेल तर एवढ्याची गरज नाही.

काल 'शंका:' शोधलं तर खाली 463 ओळी आल्या. सगळ्यांत वर 'धल्ला' आहे. रविवारी सकाळच्या एसटीने कासाऱ्याला जाते आहे. त्या दोघी आज्या अजून आहेत, एकीला ऐकू कमी येतं म्हणतात.